चीन श्रीमंत झाला. त्याच्या कंपन्यांचे भागधारक झाले का?

हाँगकाँगचा बाजार २०२५ मध्ये वर गेल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत चिनी शेअरांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. एकाच विषयाची इतकी पत्रे साचल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी अभियंता म्हणून सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. शेअर आणि म्युच्युअल फंड मिळून माझे सुमारे २५ लाख रुपये गुंतलेले आहेत. सिंगापूरला असलेला माझा भाचा म्हणतो की, विजेवर चालणाऱ्या गाड्या, बॅटऱ्या आणि सौर पॅनेल यांत चीनने सगळ्या जगाला मागे टाकले आहे, तेव्हा मामा, यातले पाच-सात लाख तरी चिनी कंपन्यांत घाला. चीनची प्रगती तर उघड्या डोळ्यांना दिसते आहे. मग तुमच्यासारखे लोक कचरतात का? (नाशिक)

उत्तर : भाच्याचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. देशाची अर्थव्यवस्था वाढणे आणि त्या देशातील कंपन्यांच्या भागधारकाच्या हाती पैसा पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यातील अंतर चीनइतके ठळकपणे फार थोड्या देशांत दिसले आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये शांघायचा मुख्य निर्देशांक ६१२४ पर्यंत चढला होता. वर्षभरात तो १७०० च्याही खाली आला. जून २०१५ मध्ये तो पुन्हा ५१०० च्या पुढे गेला आणि त्याच उन्हाळ्यात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने ४००० चा टप्पा ओलांडला, तेव्हा ते दहा वर्षांतले सर्वांत वरचे ठिकाण ठरले, आणि तरीही तो २००७ च्या शिखरापासून बराच दूर होता. याच काळात चीनचे सकल राष्ट्रीय उत्पन्न साडेतीन लाख कोटी डॉलरवरून अठरा लाख कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे पाचपट झाले. ज्या ऑक्टोबरमध्ये शांघायने ते शिखर गाठले, त्याच महिन्याच्या अखेरीस आपला सेन्सेक्स पहिल्यांदा २०,००० ला टेकला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५,००० वर पोहोचला. शांघायच्या निर्देशांकाच्या बांधणीत दोष आहेत आणि या आकड्यांत लाभांश धरलेला नाही, हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे.

असे का व्हावे? सौर पॅनेलांचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या भाच्यानेही ते दिले आहे. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगाच्या उत्पादनक्षमतेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा वाटा आज चीनकडे आहे. नाशिकच्या एखाद्या गच्चीवर बसवलेल्या पॅनेलच्या काचेखालची चकती बहुधा तेथूनच आलेली असते. पण प्रत्येक प्रांताला आपल्याकडे कारखाना हवा होता, स्थानिक सरकारांनी जमीन आणि कर्ज स्वस्तात दिले, क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आणि पॅनेलचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली उतरले. लोंगी ही या उद्योगातली अग्रगण्य कंपनी. तिने २०२४ या वर्षी आठ अब्ज युआनहून अधिक तोटा जाहीर केला. जगाला स्वस्त वीज मिळाली, चीनला मोठा उद्योग मिळाला आणि भागधारकाच्या वाट्याला तोटा आला. विजेवरच्या गाड्यांतही भाव पाडण्याची अशीच स्पर्धा चालू आहे, इतकी की ती आवरा असे खुद्द चिनी सरकारला कंपन्यांना सांगावे लागले.

एवढे सांगून थांबलो तर मात्र ते अर्धसत्य होईल, कारण ज्यांनी नेमकी कंपनी हेरली आणि धीर धरला त्यांना मिळालेला मोबदलाही असामान्य आहे. नॅस्पर्स या दक्षिण आफ्रिकेतील कंपनीने २००१ मध्ये टेनसेंट या चिनी इंटरनेट कंपनीचा जवळपास निम्मा हिस्सा ३ कोटी २० लाख डॉलरला घेतला, आणि ती गुंतवणूक जगाच्या इतिहासातील सर्वांत फलदायी गुंतवणुकींत मोजली जाते. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००८ मध्ये बीवायडी या विजेवरच्या गाड्या आणि बॅटऱ्या बनवणाऱ्या चिनी कंपनीचे साडेबावीस कोटी शेअर प्रत्येकी ८ हाँगकाँग डॉलरने घेतले, चौदा वर्षे हात लावला नाही, २०२२ पासून ते विकायला सुरुवात केली आणि अनेकपट पैसा घेऊन ते बाहेर पडले. सामान्य गुंतवणूकदारालाही संधी मिळाली नाही असे नाही. ऑनलाइन विक्रीतील मोठी चिनी कंपनी अलिबाबा, तिचा शेअर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ६० डॉलरच्या आसपास मिळत होता, तो २०२५ मध्ये दीडशेच्या पुढे गेला. अर्थात ज्याने तोच शेअर ऑक्टोबर २०२० मध्ये ३०० डॉलरला घेतला होता, त्याच्यासाठी ही बातमी वेगळी होती.

म्हणून माझे उत्तर असे : पाच-सात लाख नकोत. आपल्या वयाचा आणि जमापुंजीचा विचार करता शेअरांतील रकमेच्या पाच टक्के, म्हणजे सव्वा लाख रुपये, ही मी वरची मर्यादा मानतो. ते दुप्पट झाले तर आपल्या पुंजीत सव्वा लाखाची भर पडेल, आणि पूर्ण बुडाले तरी आपल्या दरमहाच्या खर्चाला धक्का लागणार नाही. ‘पूर्ण बुडाले’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. त्याचे कारण पुढील उत्तरांत येईल.

प्रश्न : अमेरिकेच्या बाजारात अलिबाबा, पीडीडी असे शेअर मोबाइलवरून घेता येतात. अमेरिकेचे कायदे कडक आहेत, तेव्हा मालकी सुरक्षित असणार, असे मी धरून चालतो. ते बरोबर आहे ना? (पुणे)

उत्तर : नाही, आणि या एका मुद्द्यावर प्रत्येक वाचकाने थोडा वेळ खर्च करावा असे मला मनापासून वाटते.

चीनमध्ये इंटरनेट, माध्यमे यांसारख्या क्षेत्रांत परकीयांना मालकी घेण्यावर बंदी किंवा मर्यादा आहे. मग परकीय भांडवल आणायचे कसे? यावर वकिलांनी एक वाट काढली आणि २००० मध्ये सिना ही कंपनी त्या वाटेने अमेरिकेच्या बाजारात उतरली. त्या वाटेचा नकाशा असा असतो : केमन बेटांवर एक कंपनी काढली जाते, तिची उपकंपनी चीनमध्ये स्थापन होते, आणि परवाने ज्या मूळ चिनी कंपनीच्या नावावर आहेत ती कंपनी चिनी नागरिकांच्याच मालकीची राहते. उपकंपनी आणि मूळ कंपनी यांच्यात करार असतात आणि त्या करारांच्या आधारे नफा वर केमनपर्यंत पोहोचतो. आपण न्यूयॉर्कला जो शेअर घेता तो या केमनच्या कंपनीचा असतो.

अलिबाबाचा वार्षिक अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतो. आपण केमन बेटांवरील धारक कंपनी आहोत, भागधारकांकडे चीनमधील परवानाधारक कंपन्यांची मालकी नाही आणि करारांची ही रचना चिनी सरकारने अमान्य केली तर शेअरची किंमत फार घसरू शकते किंवा ते मूल्यहीन होऊ शकतात, असा इशारा कंपनीनेच त्यात दिलेला आहे. पुढे चौकटी आणि बाणांचा एक तक्ता येतो. त्यातील ठळक रेषा मालकी दाखवतात आणि तुटक रेषा करार. परवानाधारक कंपन्यांच्या चौकटींकडे जाणारी रेषा तुटक आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे असावे आणि पीक दुसऱ्याने केवळ कराराच्या कागदावर घ्यावे, तसा हा व्यवहार आहे. कागद पाळला जातो तोवर धान्य घरी येते, पण वाद झाला तर निवाडा गावातच व्हायचा असतो, आणि येथे ते गाव चीन आहे.

ही भीती पुस्तकी नाही. अलिपे हा पैसे देण्याघेण्याचा व्यवसाय अलिबाबाच्या छत्राखालून तिचे संस्थापक जॅक मा यांच्या ताब्यातील एका चिनी कंपनीकडे गेला आणि २०११ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा याहूसारख्या मोठ्या भागधारकालाही आधी पुरेशी कल्पना नव्हती असे त्याने जाहीरपणे सांगितले. पुढे तडजोड झाली. पण त्या वाटाघाटीच्या टेबलावर सामान्य भागधारकाला खुर्ची नव्हती.

चिनी सरकारने या रचनेवर पंचवीस वर्षांत सरसकट बंदी घातलेली नाही; उलट २०२३ पासून परदेशी नोंदणीचे जे नियम लागू झाले त्यांत अशा कंपन्यांना नोंद करून पुढे जाण्याची वाट ठेवली आहे. त्यामुळे ती उद्या कोसळेल असे मी म्हणत नाही. अमेरिकेचा कायदा आपल्याला कंपनीकडून माहिती मिळवून देतो. चीनमधील मालमत्ता तो ताब्यात देऊ शकत नाही.

प्रश्न : मी लातूरला अकरावी-बारावीचे क्लास चालवतो. चीनमध्ये सरकारने एका रात्रीत खाजगी क्लास बंद केले असे ऐकले. हे खरे आहे का, आणि त्या कंपन्यांच्या शेअरचे पुढे काय झाले? (लातूर)

उत्तर : बरेचसे खरे आहे. जुलै २०२१ मध्ये चिनी सरकारने आदेश काढला की, शाळेतील मुख्य विषयांची शिकवणी देणाऱ्या संस्थांनी नफा न कमावणाऱ्या संस्था म्हणून नोंदणी करावी, शेअर बाजारातून भांडवल उभारू नये आणि शनिवार-रविवारी व सुट्ट्यांत वर्ग घेऊ नयेत. मुलांवरचा ताण आणि पालकांवरचा खर्च कमी करणे हा त्यामागील सांगितलेला हेतू होता, आणि तो हेतू खोटा होता असे मानण्याचे कारण नाही. पण बातमी बाहेर आली त्या एका दिवशी, २३ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये टॅल एज्युकेशनचा शेअर सत्तर टक्क्यांहून अधिक पडला आणि न्यू ओरिएंटल निम्म्याहून खाली आला. या कंपन्यांनी गैरव्यवहार केला नव्हता. त्यांचा धंदाच सरकारच्या धोरणात बसेनासा झाला होता.

आपण स्वतः या व्यवसायात आहात म्हणून पुढची हकिगत सांगतो. न्यू ओरिएंटलने आपली शिकवणी केंद्रे बंद केली आणि रिकामी झालेली सुमारे ८० हजार बाके व खुर्च्या खेड्यांतील शाळांना देऊन टाकली. हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. उरलेल्यांपैकी काहींना कंपनीने कॅमेऱ्यासमोर बसवून तांदूळ आणि मक्याची कणसे विकायला लावली. तेही हाडाचे शिक्षक, त्यांनी माल विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द शिकवले, आणि २०२२ च्या जूनमध्ये हे कार्यक्रम इतके गाजले की कंपनीचा तो विभाग वर आला. माणसांची चिकाटी पाहून मन भरून येते. त्यांच्या भागधारकांपैकी मात्र असंख्य लोक तळाशीच विकून बाहेर पडले होते.

जॅक मा यांच्या अँट या अलिपे चालवणाऱ्या कंपनीची गोष्ट याच जातीची आहे. २४ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी शांघायच्या परिषदेत चिनी बँका गहाणवटीच्या दुकानासारख्या वागतात अशी टीका केली. ३ नोव्हेंबरला, म्हणजे शेअर बाजारात नोंदणी होण्याच्या दोन दिवस आधी, सुमारे ३४ अब्ज डॉलरची ती भागविक्री थांबवण्यात आली. पुढच्या एप्रिलमध्ये अलिबाबाला १८ अब्ज युआनहून अधिक दंड झाला. दीदी ही टॅक्सीसेवा ३० जून २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये नोंदली गेली आणि दोनच दिवसांनी तिच्यावर सायबर सुरक्षेची चौकशी लागली. वर्षभरात तिने तेथील नोंदणी मागे घेतली. ताळेबंद कितीही बारकाईने वाचला असता तरी यांपैकी एकाही घटनेची चाहूल त्यात लागली नसती.

प्रश्न : चिनी कंपन्यांचे हिशेब खोटे असतात असे सर्रास बोलले जाते. ते कितपत खरे? (डोंबिवली)

उत्तर : सर्रास बोलण्यात अन्याय आहे. प्रामाणिक हिशेब ठेवणाऱ्या चिनी कंपन्या पुष्कळ आहेत आणि खोटे हिशेब आपल्याकडेही झाले आहेत. पण लकिन कॉफी या कॉफीची दुकाने चालवणाऱ्या चिनी कंपनीचे प्रकरण माहीत असावे. जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलेल्या एका निनावी अहवालासाठी पंधराशेच्या आसपास माणसे लकिनच्या दुकानांत बसवली गेली होती. त्यांनी ११ हजारांहून अधिक तासांचे चित्रण केले, ग्राहकांच्या २५ हजारांवर पावत्या गोळा केल्या, आणि कंपनी सांगते तेवढे पेले विकले जात नाहीत हे मोजून दाखवले. कंपनीने आधी इन्कार केला, आणि एप्रिलमध्ये सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट असल्याचे उघड केले. नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावरून तिचे नाव गेले. तपासाचे एवढे कष्ट आपण घरबसल्या घेऊ शकत नाही. चिनी कंपन्यांच्या लेखापरीक्षकांचे कागद अमेरिकी नियामकांना पाहता येऊ लागले ते डिसेंबर २०२२ पासून, आणि ही खरी सुधारणा आहे.

प्रश्न : माझे वडील सैन्यात होते. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, त्यानंतर चिनी कंपनीत पैसे घालणे मला योग्य वाटत नाही. पण मुलगा म्हणतो, गुंतवणुकीत भावना आणू नये. आपले मत काय? (सातारा)

उत्तर : आपल्या मुलाशी मी सहमत नाही. पैसा कोठे लावायचा हा निर्णय माणूस आपल्या सगळ्या जाणिवांसह घेतो, आणि ज्या गुंतवणुकीमुळे रात्री अस्वस्थ वाटेल ती करू नये, एवढे कारण पुरेसे आहे. भारतीयाने चिनी कंपनीचे शेअर घेण्यास कायद्याने बंदी नाही. एप्रिल २०२० मध्ये सरकारने जे निर्बंध घातले ते शेजारी देशांतून भारतात येणाऱ्या गुंतवणुकीवर आहेत. तेव्हा घेणाऱ्याला मी दोष देणार नाही आणि न घेणाऱ्याला भाबडेही म्हणणार नाही.

मात्र मुलाला एक हिशेबी गोष्टही सांगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मॉस्कोचा बाजार काही आठवडे बंद राहिला, परदेशी गुंतवणूकदारांना विकण्यास मनाई झाली, आणि एमएससीआय या संस्थेने आपल्या निर्देशांकांतून रशियन शेअर जवळजवळ शून्य किमतीला काढून टाकले. गाझप्रॉमच्या विहिरींत वायू होताच, स्बरबँकेच्या शाखाही उघड्याच होत्या; बाहेरच्या भागधारकाचा हात तेवढा तेथपर्यंत पोहोचेनासा झाला. तैवानच्या सामुद्रधुनीत किंवा आपल्याच सीमेवर काय घडेल हे कोणी सांगू शकत नाही. नाशिकच्या वाचकांना उत्तर देताना ‘पूर्ण बुडाले’ असे लिहिले ते याच्यासाठी. नेहमीची घसरण सोसून वाट पाहता येते, पण दार बाहेरून बंद झाल्यावर वाट पाहूनही उपयोग नसतो.

प्रश्न : घ्यायचेच ठरवले, तर भारतातून मार्ग कोणते? कर कसा लागतो? (कोल्हापूर)

उत्तर : मार्ग दोन आहेत.

पहिला थेट. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर्षात १० लाख रुपयांवर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. शेअर २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकले तर आपल्या टप्प्यानुसार कर लागतो, आणि अधिभार-उपकर वेगळे. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो; त्यात एक शेअर असला तरी तो दाखवावा लागतो, आणि तो तक्ता आर्थिक वर्षाऐवजी जानेवारी ते डिसेंबर या काळाचा भरायचा असतो. येथे भल्याभल्यांची चूक होते, आणि काळ्या पैशाविषयीच्या २०१५ च्या कायद्यात अशा त्रुटीसाठी दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. एकूण वीस लाखांपर्यंतच्या शेअर, खाती अशा मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सवलत मिळाली असली, तरी माहिती भरण्याचे बंधन कायम आहे. या कटकटीमुळेच लहान गुंतवणूकदाराला मी हा मार्ग सुचवत नाही.

दुसरा मार्ग भारतीय म्युच्युअल फंडाचा. रुपयांत पैसे भरायचे, परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा नाही, आणि एका कंपनीऐवजी अनेक कंपन्यांत वाटणी होते. एडलवाइस आणि अॅक्सिस यांच्या ‘ग्रेटर चायना’ योजना आहेत. निप्पॉनचा हँग सेंग बीज आणि मिरे अॅसेटचा हँग सेंग टेक हे हाँगकाँगच्या हँग सेंग निर्देशांकांमागे चालणारे आणि बाजारात शेअरसारखे विकले जाणारे फंड, म्हणजे ईटीएफ, आहेत. मी त्यांची शिफारस करत नाही. नावे ओळखीसाठी दिली आहेत. यांत दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. ‘ग्रेटर चायना’ या नावात तैवानही येते, आणि अशा फंडांत तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी बहुधा पहिल्या काही नावांत असते. म्हणजे आपण चीन समजून जे घेतो त्यातला मोठा भाग तैवान असू शकतो. योजनेचे महिन्याचे पत्रक उघडून देशवार टक्केवारी वाचावी.

दुसरी गोष्ट ईटीएफची. परदेशी गुंतवणुकीवर म्युच्युअल फंड उद्योगाला सात अब्ज डॉलरची आणि ईटीएफसाठी वेगळी एक अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की नवी युनिटे तयार होणे थांबते, मागणी मात्र थांबत नाही, आणि बाजारभाव युनिटमागच्या खऱ्या मूल्याच्या वर चढतो. खरे मूल्य १०० रुपये असताना आपण ११५ मोजले, तर पुढे चिनी बाजार दहा टक्के चढला आणि तो फरक मात्र विरून गेला, तरी आपल्या हाती ११० च येतात. फंडाच्या संकेतस्थळावर दिवसभर दिसणारे सूचक मूल्य आणि बाजारातील भाव शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन-तीन टक्क्यांहून अधिक फरक असेल तर त्या दिवशी खरेदी करू नये.

आणि थेट चिनी बाजाराच्या पडद्याकडे पाहणार असाल तर लक्षात असू द्या, तेथे चढलेला भाव लाल रंगात दाखवतात आणि पडलेला हिरव्या.